दोन वीत, तीन बोटं

मला विणकाम आलं ते बसमध्ये, आणि तेही पन्नाशी उलटल्यावर. पेडण्याहून डिचोलीला जायचं तर आधी म्हापसा गाठायचं, तिथे बस बदलायची आणि मग अस्नोडा, मुळगाव करत डिचोलीत उतरायचं. जाताना दोन तास, येताना दोन तास. डिचोलीच्या मोजणी कचेरीत मी शेतांच्या आणि माडांच्या भाटांच्या नकाशांच्या नकला काढायचो. इतकी वर्षं बसमध्ये मी एक तर झोपायचो, नाही तर खिडकीच्या जागेवरून कुणाशी तरी वाद घालायचो. त्या श्रावणात माझ्या मांडीवर लोकरीचा गुंडा आला आणि अर्ध्या पेडणे तालुक्याला चघळायला विषय मिळाला.

सुया खरं तर बायकोच्या. तिचे स्वेटर आमच्या गावात आणि आजूबाजूच्या चार गावांत प्रसिद्ध होते. गोव्यात स्वेटर कशाला लागतो, असं बाहेरची माणसं विचारतात. त्यांनी पौषात पहाटेची पहिली बस धरून बघावी. शिवाय बेळगावला शिकायला जाणारे, फौजेत भरती झालेले, दम्याचे म्हातारे, असे सगळे तिच्याकडे यायचे. माप घ्यायची तिची रीत ठरलेली होती. माणसाला पाठमोरं उभं करायचं, उजव्या हाताची वीत पसरून पाठीवरून फिरवायची, उरलेलं बोटांनी मोजायचं, संपलं. तिने आकडा कधी कागदावर लिहिला नाही. पाच-सहा वर्षांनी तोच माणूस दारात आला की ती चुलीपुढूनच सांगायची, याची पाठ अडीच वीत, डावा खांदा बोटभर खाली. तिचा स्वेटर घालून माणसाने बसची वरची दांडी धरली तरी स्वेटर कमरेवरून हलत नसे. दुकानातला स्वेटर बेंबीपर्यंत चढतो, हे मी रोज बसमध्ये बघत आलोय.

मग संधिवात आला. आधी सकाळी उठल्यावर तासभर बोटं आखडलेली असायची. नंतर सांधे सुजले. नंतर बोटं एकेक करून करंगळीच्या दिशेने वाकायला लागली. पेडण्याचा डॉक्टर झाला, म्हापशाचा झाला, पणजीचं मोठं इस्पितळ झालं, सावंतवाडीकडचा एक वैद्य झाला. गोळ्यांनी दुखणं थोडं कमी व्हायचं, पण वाकलेलं बोट काही सरळ झालं नाही. हातातून आधी सुया गळल्या, मग कोयता, मग पाण्याचा तांब्या. मी पेज करायला शिकलो, कालवण करायला शिकलो, तिची वेणी घालायला शिकलो. माझी पहिली वेणी बघून शेजारीण पदराआड हसत होती, ते मी पाहिलं. बायकोही हसली. तिला हसायला यायचं तेव्हा मला बरं वाटायचं, कारण एरवी ती दिवसच्या दिवस आपल्या हातांकडे बघत बसायची आणि मला त्यावर काही करता यायचं नाही.

आमची मुलगी एकुलती एक. तिला सावंतवाडीकडे दिली होती. जावई फौजेत. श्रावणात तिचं पत्र आलं, की नवऱ्याला बायको बरोबर ठेवायची परवानगी मिळालीय, मार्गशीर्षात तो न्यायला येईल, आणि ती छावणी अशा डोंगरात आहे की तिथे बर्फ पडतं. मी पत्र वाचून दाखवलं. बायको म्हणाली, "सुवेटर व्हयो."

"म्हापशाहून आणतो चांगला," मी म्हटलं.

ती अशी भडकली की काही विचारू नका. "माज्या चेडवाक दुकानातलो सुवेटर? लोक काय म्हणतले? तेची आवय मेली काय?"

मी म्हटलं, अगं पण विणणार कोण. तर तिने दोन्ही मनगटांनी लोकरीची जुनी पिशवी माझ्याकडे ढकलली. "हात तुमचे, माप माजा," ती म्हणाली. "तुमका काय करूक जमना ता माका सांगू नकात. वेणी घालूक जमली मगो."

असा मी विणकर झालो. सुरुवातीचे आठ दिवस घरी मागच्या पडवीत शिकवणी झाली. सुलट टाका, उलट टाका. ती हात न लावता नुसत्या तोंडाने शिकवायची आणि माझं चुकलं की तिचे हात आपोआप पुढे यायचे, आणि अर्ध्यात थांबायचे. ते मला बघवायचं नाही. घरी चूल, पाणी, धुणं यातून वेळ उरत नसे, म्हणून खरं विणकाम बसमध्येच. लोकर विटकरी रंगाची निवडली होती, कारण मुळगावच्या पुढे खाणीच्या ट्रकांची जी रांग लागायची तिची धूळ बसच्या खिडकीचं जनेल बंद केलं तरी आत यायची. धुळीत धूळ खपून जावी हा त्यामागचा विचार. पांढरी लोकर घेतली असती तर डिचोली येईपर्यंत तीही विटकरीच झाली असती.

बसमध्ये माझी भरपूर टर उडाली. कंडक्टर रोज विचारायचा, "भाऊ, कितव्या महिन्याक?" मी पहिले काही दिवस चिडलो. मग चिडायलाही वेळ उरला नाही, कारण बसला ब्रेक लागला की सुईवरचे टाके सुटायचे आणि सुटलेला टाका कसा धरतात हे मला ठाऊक नव्हतं. कोलवाळला एक ख्रिस्ती टीचर चढायची, चष्मेवाली, मोठी कडक बाई. तिने आठवडाभर माझी फजिती बघितली आणि एक दिवस सरळ माझ्या हातातून सुया काढून घेतल्या. सुटलेला टाका चार ओळी खालून वर आणून दिला. म्हणाली, "हात घट्ट आसा तुमचो. इल्लो ढिलो सोडात. सुवेटर घालपाचो आसा, बांद घालूंक ना." त्या दिवसापासून ती शेजारी बसायला लागली आणि कंडक्टरचं तोंड बंद झालं.

आता मापाचं सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. बायकोची पद्धत अशी होती. आधी हातभर लांब पट्टी विणून घ्यायची. तिच्यावर वीत ठेवायची आणि एका वितीत किती टाके बसतात ते मोजायचं. मग ज्याचं जितक्या वितींचं अंग, तितक्याने गुणायचं. मुलीचं माप तिला तोंडपाठ होतं. लग्नाच्या वर्षी तिने मुलीला शेवटचा स्वेटर विणला होता, तेव्हा पाठ दोन वीत आणि तीन बोटं होती. "तेचा माप माज्या हातात आसा," ती म्हणायची. गणपतीच्या चवथीला मुलगी दोन दिवस येऊन गेली, तेव्हाही तिला पाठमोरी उभी केली नाही. परत मोजणं म्हणजे तिला स्वतःचा अपमान वाटला असता.

मी बसमध्ये पट्टी विणली आणि शहाणपणा करून तिच्यावर माझीच वीत ठेवली. पन्नास टाके भरले. दोन वितींचे शंभर, तीन बोटांचे तेरा. एकशे तेरा टाके घालून मी चांगली चार बोटं उंची विणून घरी नेली. बायको ते बघून इतकी हसली की तिला ठसका लागला. "हयात दोन चेडवां बसतली," म्हणाली. मग पट्टी तिच्या मांडीवर पसरली. तिने आपला हात तिच्यावर ठेवला, आणि मी बोटाने टाके मोजले. छत्तीस भरले. मी सगळं उसवलं आणि चौऱ्याऐंशी टाके घालून नव्याने सुरुवात केली.

पन्नास कुठे आणि छत्तीस कुठे. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या जमिनी इंचाइंचाने कागदावर उतरवल्या. बांध अर्धा हात सरकला तर नकाशावर माझ्या डोळ्यांना लगेच खुपायचा. पण हे मला खुपलं नाही. बाईमाणसाची वीत लहानच असणार, एवढंच मी म्हटलं.

रोज संध्याकाळी मी घरी आलो की आधी दिवसभराचं विणकाम तिच्या मांडीवर पसरायचं, असा नियमच झाला. ती हात उघडून मोजायची. ती बोटं पसरायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मला सहन होत नसे, म्हणून मी नेमका त्या वेळी नजर वळवायचो. अंगणातल्या माडाकडे बघायचो, नाही तर बुटांची नाडी सोडत बसायचो. ती म्हणायची, "बरोबर आसा," आणि मी परत बघायचो. पाच महिने मी हे केलं. एकदा, एकदा तरी त्या हाताकडे नीट बघितलं असतं तर तो किती उघडतो आणि किती नाही ते कळलं असतं. मला अजूनही या गोष्टीचा राग येतो, आणि तो माझाच येतो.

पाठ झाली, पुढचे दोन भाग झाले, बाह्या झाल्या. टीचरने गळ्याची पट्टी कशी उचलायची ते दाखवलं आणि म्हापशाच्या बाजारात माझ्याबरोबर येऊन सहा बुतांव निवडले, लाकडी बटणं. ते शिवून स्वेटर पुरा झाला तेव्हा मी तो कचेरीतही नेऊन दाखवला. माणूस म्हातारपणी किती मिरवतो बघा.

मार्गशीर्षात मुलगी आली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने तिला सासरी परतायचं होतं, आणि तिथून तिसऱ्या दिवशी जावयाबरोबर निघायचं. बायकोने तिला अंगणात उजेडात उभी केली आणि मला स्वेटर आणायला सांगितला. मुलीने एक हात घातला. दुसरा घालताना खांदे मागे ओढावे लागले. पाठीवर वीण ताणून जाळीसारखी झाली. पुढच्या दोन बाजू एकमेकींना भेटेनात. मधे चांगलं चार बोटांचं अंतर राहिलं. मुलीने श्वास आत घेतला आणि एक बुतांव लावायचा प्रयत्न केला. तो लागला नाही. ती माझ्याकडे बघायला लागली.

"कसो झालो?" बायकोने विचारलं.

"बरोबर झालो गे आई," मुलगी म्हणाली. "उघडोच घालतत आता. तशीच पद्धत आसा."

बायको काही दुधखुळी नव्हती. तिने मुलीला वळायला सांगितलं आणि तिच्या पाठीवर वीत ठेवली. एक, दोन, आणि तिसरीही जवळजवळ भरली. मग स्वेटर काढून मांडीवर घेतला आणि मोजला. दोन वीत, तीन बोटं. अगदी बरोबर. ती मुलीकडे वर बघत म्हणाली, "अंग सुटला मगो तुजा. सासरी भात बरो गावता दिसता."

मुलीचं अंग मुळीच सुटलं नव्हतं. उलट गालफडं बसली होती. मला तेव्हा सगळं कळलं. मी बायकोच्या हाताकडे बघितलं, तो अजून स्वेटरवर पसरलेला होता. पसरलेला म्हणजे काय, अंगठा एका बाजूला आणि बाकीची बोटं अर्धवट मिटलेली. त्याला वीत म्हणावं असं त्यात काही उरलं नव्हतं.

मी घाईघाईने म्हटलं, "चूक माझी. माझा हात घट्ट. टीचर रोज सांगायची. वीण आवळली गेलीय."

बायकोने स्वेटर डोळ्यांजवळ नेला. "वीण बरी आसा," ती म्हणाली. "माज्यापरस बरी आसा." पाच महिन्यांत तिने केलेली ही पहिली स्तुती, आणि ती या घडीला केली. मला तोंड वर करता येईना.

मुलगी दुसऱ्या दिवशी तो स्वेटर घालूनच गेली. दुपारचं ऊन होतं, घामाने डबडबली होती, तरी काढला नाही. बस सुटली तेव्हा खिडकीतून हात बाहेर काढून हलवत होती आणि बाही कोपरापर्यंत मागे गेली होती. मी स्टँडवर उभा होतो. त्या पोरीला पुढच्या आठवड्यात बर्फात राहायचं होतं आणि तिच्या आईबापांनी पाच महिने खपून तिला जे दिलं होतं त्याने तिची छातीसुद्धा झाकली जात नव्हती. म्हापशाला जाऊन दुकानातला एक घेऊन तिच्या मागोमाग पाठवावा, असं मनात आलं. पण ते बायकोला कळल्याशिवाय राहिलं नसतं, आणि कळलं असतं तर मी तिला काय सांगितलं असतं.

घरी आलो तर बायको देवाच्या खोलीत जमिनीवर बसलेली. समोर गणपतीचा पाट. आमच्याकडे चवथीआधी हा पाट मूर्ती करणाऱ्याकडे नेऊन द्यायचा असतो, म्हणजे तो पाटाच्या मापाने गणपती करतो. हा पाट आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बायकोने सुताराला आपल्या हाताने मोजून दिला होता. बरोबर दोन वीत रुंद. एरवी तो वर फळीवर असतो. मनगटांनी आणि खांद्याने तिने तो खाली कसा काढला, देवच जाणे. एक कोपरा जमिनीला आपटून खरचटला होता.

तिने माझ्यासमोर वीत ठेवली. एक. दोन. मग बोटं. दोन वीत आणि वर चार बोटं. तिने परत मोजलं. मग दुसऱ्या हाताने मोजलं, तो त्याहून वाईट होता.

"लाकूड फुगता मगो?" तिने विचारलं.

"पावसात फुगतं," मी म्हटलं.

"आता खय पावस?"

मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो. काहीतरी बोलायला हवं होतं. सुया गेल्या, कोयता गेला, तांब्या गेला, तेव्हा मी दरवेळी काहीतरी बोललो होतो आणि ते काम स्वतःकडे घेतलं होतं. हे कसं घेणार. तिने पाटावरचा हात उचलला नाही. मी तिचा हात माझ्या हातात घेतला, तर तिने तो हळूच काढून घेतला आणि परत पाटावर ठेवला, जणू अजून मोजायचं बाकी आहे.

पौषात मुलीचं पत्र आलं. स्वेटर फार छान बसलाय, शेजारच्या बायका विचारतात कुणी विणला, मी सांगते आईने. मी ते वाचून दाखवलं. बायकोने परत वाचायला सांगितलं. मग म्हणाली, "खोटा बोलता, फटी मारता." आणि थोड्या वेळाने, "फाल्या येतना म्हापशातसून टेप हाडा."

मी पहिल्या दिवशी विसरलो असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं असं सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिने विचारलंच नाही, पण मी आत आलो तेव्हा तिने माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं. चौथ्या दिवशी शिंप्यांचं सामान मिळतं त्या दुकानातून मी टेप घेतला. पिवळा, दोन्ही बाजूंनी आकडे असलेला. बसमध्ये टीचरने विचारलं, नवीन सुवेटर? मी हो म्हटलं.

बायकोने पेटीतून मुलीचं लग्नाच्या वर्षीचं एक पोलकं काढून ठेवायला लावलं होतं. मेजावर मी ते पालथं पसरलं. तिला टेप धरवत नव्हता, म्हणून एक टोक मी धरलं आणि दुसऱ्या टोकावर तिने मनगट दाबून ठेवलं. पाठीच्या एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत मी टेप ताणला आणि आकडा वाचला.

"अठरा इंच," मी म्हटलं.

ती टेपकडे बघत राहिली. तिच्या हाताखालून एवढे स्वेटर गेले, पण इंच तिला कधी लागला नव्हता.

"म्हणजे किती?" तिने विचारलं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. दोन वीत, तीन बोटं, हेच तोंडात आलं होतं आणि तेच खरं होतं. पण ते तिच्या तेव्हाच्या हाताने सांगायचं की आताच्या, हे मला कळेना. ती माझ्याकडे बघत थांबली होती. मी टेपचं टोक तसंच धरून उभा राहिलो.